टोर्गाइरचा बिननावाचा फोल्डर

टोर्गाइरचं कौतुक करायचं असेल तर ते तो खोलीत नसताना करावं लागतं. तोंडावर केलंत तर तो आधी कान खाजवतो, मग खिडकीतून आपल्या होडीकडे बघतो, आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला काहीतरी बांधून ठेवायचं राहिल्याचं आठवतं. आमच्या स्कारव्हॉय बेटावर मिरवणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, हे खरं आहे. स्वतःच्या वाफ्यातल्या बटाट्यांबद्दलही माणूस इथे 'ठीक निघाले' यापलीकडे बोलत नाही. पण टोर्गाइरने त्याचाही कहर केला होता. मी बेटावरचं दुकान चालवते, स्वभावाने तापट आहे, आणि या माणसाच्या नम्रतेचा मला जितका संताप आलाय तितका कुणाच्या गर्वाचाही आलेला नाही.

तरुणपणी तो समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजांवर विजेची कामं करायचा. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा परत आला, आणि ते वारल्यावरही राहिला. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं म्हणतात, पण ते त्या बाईला सांगायचंच याच्याकडून राहून गेलं. धक्क्याजवळ त्याचं बोटघर आहे. खाली होडी, जाळी आणि डांबराचे डबे, वर माळ्यावर त्याचे संगणक. आमच्या गावची वेबसाइट त्या माळ्यावरून चालते. बोटीच्या वेळा, डॉक्टर कोणत्या दिवशी येणार, गावघराचा हॉल कोणी कधी घेतलाय, कुणाची मेंढी कुठे सापडली, कुणाची अंत्ययात्रा कधी, सगळं तिथे असतं. कोणी विचारलं तर टोर्गाइर म्हणतो की तो अधूनमधून जरा नजर टाकतो.

नजर टाकणं म्हणजे काय ते मी एकदाच बघितलं. दुकानाच्या पानावर मी फोटो चढवायला गेले आणि अख्खं पान गायब करून बसले, तेव्हा. त्याने शांतपणे कालची प्रत काढून पान जागेवर ठेवलं. मग, मीच खोदून विचारलं म्हणून, आपली पद्धत सांगितली. चालू फाइलला कधी हात लावायचा नाही. आधी तिची प्रत काढायची, प्रतीवर काम करायचं, बाजूच्या रिकाम्या जागेत ती चालवून बघायची, आणि मगच अदलाबदल करायची. जुनी लगेच फेकायची नाही, तिला थोडे दिवस बाजूला राहू द्यायचं. मजकूर एका फोल्डरात, चित्रं दुसऱ्यात, आणि साइटने चालायचं कसं हे सांगणाऱ्या सेटिंगच्या फाइली तिसऱ्यात, सगळ्यांपासून लांब. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा हात फ्यूजच्या पेटीला लागू नये, एवढंच, असं तो म्हणाला. त्यानंतर त्याला होडी बांधायचं आठवलं.

आता आस्लाउगआत्याबद्दल सांगायला हवं. ती खऱ्या नात्याने कुणाचीच आत्या नाही, पण अख्खं बेट तिला तेच म्हणतं. खाडीच्या पलीकडे, उत्तरेच्या टोकाला, ती एकटी राहते. सोबतीला मेंढ्या आणि रेडिओ. तीन हिवाळ्यांपूर्वी ती अंगणातल्या बर्फावर पडली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. तेव्हापासून बर्गन शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीने, सिग्रूनने, एकच धोशा लावला होता की आईने घर बंद करून बर्गनच्या वृद्धाश्रमात यावं. शेवटी दोघींमध्ये ठरलं ते असं: आत्याने रोज सकाळी मेंढ्यांना चारा घातल्यावर टॅबवरचं एक हिरवं बटण दाबायचं. दाबलं की बर्गनला सिग्रूनच्या फोनवर हिरवी खूण उमटणार, म्हणजे आई ठीक. ज्या दिवशी खूण येणार नाही त्या दिवशी सिग्रून बोटीने येणार आणि आईला घेऊन जाणार.

ते बटण टोर्गाइरने करून दिलं होतं. हे मला पुढे एका रविवारी कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते. गावच्या साइटवर त्याने एक वेगळा फोल्डर केला होता. आत्याने बटण दाबलं की त्यात त्या दिवसाची एक लहानशी फाइल तयार व्हायची, आणि ती फाइल दिसली की सिग्रूनला खूण जायची, आणि माळ्यावर टोर्गाइरलाही ती दिसायची. साइटच्या मुख्य पानावरून तिथे जायला वाट नव्हती, कारण इतरांनी त्यात डोकवायचं कारण नव्हतं. फोल्डरला नावही धड नव्हतं. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. सिग्रूनला वाटायचं की ही गावमंडळाची सेवा आहे, आणि 'नाही, हे मी केलंय' असं तिला सांगणं टोर्गाइरला जमण्यासारखं नव्हतं.

गेल्या वसंतात साइट हलवायची वेळ आली. ती जिथे ठेवलेली होती तो बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर बंद होणार होता. गावमंडळाचा अध्यक्ष ओडव्हार म्हणाला की एकट्या टोर्गाइरवर कशाला भार, आपण दुग्नाद करू. दुग्नाद म्हटलं की आमच्याकडे कोणी घरी बसत नाही. धक्का रंगवायचा असो की शाळेचं छप्पर शाकारायचं असो, सगळे येतात, फुकट राबतात, वॉफल खातात आणि घरी जातात. सामाईक बोटघर तर आम्ही दर वसंतात असंच साफ करतो. ज्याला जी वस्तू हवी असेल त्याने तिच्यावर आपल्या नावाची चिकटपट्टी लावायची. कॉफीपर्यंत जिच्यावर नाव नाही ती वस्तू जूनमधल्या संत हान्सच्या होळीत जाते. भांडणतंटा होत नाही, आणि बोटघर लख्ख होतं. ओडव्हारला वाटलं की वेबसाइटलाही हाच नियम लावावा, आणि आम्हा सगळ्यांनाही तो सोपा वाटला.

शनिवारी आम्ही आपापले लॅपटॉप घेऊन गावघरात जमलो. प्रत्येकाने आपला फोल्डर शोधून त्याच्या पुढे आपलं नाव घालायचं होतं. मी 'दुकान'पुढे 'बोर्गहिल्ड' लिहिलं. सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीच्या फोटोंवरून दोन शेजाऱ्यांची जुंपली, शेवटी दोघांचीही नावं घातली. टोर्गाइर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होता, कुणाचं अडलं की वाकून दोन बटणं दाबत होता. स्वतःचं नाव त्याने कुठेच घातलं नाही. विसरला असं नाही. गावाच्या साइटवर माणूस स्वतःचं नाव लिहितो ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीच नाही. दुपारी तो ओडव्हारपाशी गेला आणि हळूच म्हणाला की तळाशी एक-दोन बारीकसारीक गोष्टी आहेत, त्या राहिल्या तर बरं. ओडव्हारने मान हलवली आणि विसरून गेला. त्याला तरी काय दोष द्यायचा? टोर्गाइरची होडी बुडत असली तरी तो 'जरा ओल आलीय' एवढंच म्हणेल.

त्यानंतर कॉफी आली, आणि इथे सगळं फिसकटलं. आम्ही टोर्गाइरसाठी फुलं आणली होती, आणि त्याचं नाव कोरलेला एक थर्मास. ओडव्हारने खिशातून भाषणाचा कागद काढला. टोर्गाइरने तो कागद बघितला, हातातला कप ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून पसार झाला. आम्ही रिकाम्या खुर्चीसाठी टाळ्या वाजवल्या. मग ओडव्हारने नावं असलेले फोल्डर नव्या जागी नेले, नावं नसलेले काढून टाकले, आणि अर्धवट काम त्याला बघवत नाही म्हणून जुनी जागा तेव्हाच रिकामी करून टाकली. त्यात सेटिंगच्या फाइलीही गेल्या, पण नव्या जागेला स्वतःच्या होत्या. साइट वरून अगदी झकास दिसत होती. फुलं मी दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि टोर्गाइरच्या नावाने दोन शिव्या घालून झोपले.

रविवारी सकाळी टोर्गाइरला हिरवी खूण दिसली नाही. त्याने होडी काढली आणि खाडी पार करून आत्याकडे गेला. आत्या धडधाकट होती. तिने त्याला आश्चर्याने विचारलं की तू कसा आलास, मी तर आज दाबलं होतं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. इतर कोणीही त्या क्षणी सिग्रूनला फोन लावून सांगितलं असतं की बाई, घोळ आमच्याकडे झालाय, तुझी आई ठणठणीत आहे. हा म्हणाला, 'बघतो', आणि परत वल्हवत माळ्यावर गेला. त्याच्याकडे प्रत होती, त्याच्याकडे कायमच असते. पण नव्या जागी रस्ते वेगळे होते, आणि बटणाला ते सगळे पुन्हा दाखवून द्यायला हवे होते. तो ते करत बसला. आत्या रेडिओवरची प्रार्थना ऐकत बसली. तिचा फोन गोठ्यात टांगलेल्या कोटाच्या खिशात वाजत राहिला.

दुपारच्या बोटीने सिग्रून उतरली. धक्क्यावर उभी होते ती मीच. तिचा चेहरा बघून मी काही न विचारता गाडी काढली आणि खाडीला वळसा घालणाऱ्या रस्त्याला लावली. वाटेत तिने मला सगळं सांगितलं. बोटीत बसल्या बसल्या तिने ओडव्हारला फोन केला होता, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की अशी कुठलीही सेवा गावमंडळाकडे नाही.

"दोन वर्षं माझ्या आईचा जीव एका बटणावर होता," ती म्हणाली, "आणि ते बटण कुणाचंच नाही."

तिचं काही चुकत नव्हतं.

आत्या दारात कोकराला बाटलीने दूध पाजत होती. सिग्रूनने तिला मिठी मारली, रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर माळ्यावरून बॅग काढली. आश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि तिला उद्या होकार कळवायचा होता. आत्या वाद घालत नव्हती. ती ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती, नेहमीपेक्षा फार हळू. ते मला बघवेना. मी गाडीत बसले आणि तडक टोर्गाइरच्या बोटघरावर गेले.

"आता चालतंय ते," मला बघून तो म्हणाला. "रस्ता तेवढा नवा द्यावा लागला."

"तुझं बटण चालू झालं आणि तिकडे आत्याची बॅग भरतायत," मी म्हणाले. "चल."

"मी काय बोलणार तिथे?"

"तुझं नाव सांग. तेवढंच. बाकीचं मी ओरडते."

तो आला. आत्याच्या स्वयंपाकघरात बाकावर बॅग उघडी होती आणि तिच्यात लोकरीचे मोजे नीट रचून ठेवलेले होते. सिग्रूनने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं की ते बटण कुणाचं आहे ते तुला माहीत आहे का. टोर्गाइरने कान खाजवला, खिडकीकडे बघितलं. खिडकीतून त्याची होडी दिसत नव्हती.

"माझं," तो म्हणाला. "मी केलंय. काल ते फेकलं गेलं, कारण मी त्यावर नाव घातलं नव्हतं. आणि सकाळी मी तुला फोन करायला हवा होता. यात हिची काही चूक नाही."

या माणसाने इतकी वाक्यं एका दमात बोललेली मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला वाटलं, सुटलो. सिग्रूनचा चेहराही जरा सैल झाला होता. इथे थांबला असता तर काम झालं असतं. पण बोलायची सवय नसलेल्या माणसाला थांबायची जागा कळत नाही.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "तुला गेलेली प्रत्येक खूण हिने दाबलेली नाही. काही सकाळी हिची फाइल आलेली नसायची. मग मी होडी घेऊन यायचो, ही ठीक आहे ते बघायचो, आणि परत जाऊन त्या दिवसाची फाइल मीच घालायचो. या हिवाळ्यात तर बऱ्याचदा."

माझ्या हातात तेव्हा थर्मास असता तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता. पण त्याचा चेहरा बघितला आणि राग विरघळला. त्याला चांगलंच ठाऊक होतं की या बोलण्याने आत्याचं घर जाऊ शकतं. हे ओझं त्याने दोन वर्षं त्या माळ्यावर एकट्याने वाहिलं होतं, आणि खोट्यावर हे घर टिकवणं त्याला जमेना.

सिग्रून खुर्चीवर बसली. ती चिडली नाही, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

"म्हणजे आई विसरायला लागली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही दोघांनी मला कळू दिलं नाहीत."

"विसरतंय कोण?" आत्या म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि कपाटातून कप काढायला लागली. "गोठ्यातल्या एकेका मेंढीचं नाव सांगते. तुझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींची नावं सांगते."

"मग दाबलं का नाहीस?"

आत्याने चौघांपुढे कप मांडले, कॉफी ओतली, तपकिरी चीजच्या पातळ चकत्या काढल्या, आणि टोर्गाइरच्या बशीत, त्याने न मागता, दोन ठेवल्या. त्यावरून मला थोडंसं कळायला लागलं होतं.

"दाबलं की हिरवं होतं," ती म्हणाली. "तुझं समाधान होतं, याचं समाधान होतं, आणि कोणी येत नाही. नाही दाबलं की हा येतो."

टोर्गाइरचे कान लालबुंद झाले होते. सिग्रून आपल्या कपात बघत होती. गेल्या नाताळनंतर ती पहिल्यांदा या स्वयंपाकघरात बसली होती, आणि तीही आज खूण आली नाही म्हणून. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चीजवर काहीतरी बडबडले.

"आत्या," शेवटी टोर्गाइर म्हणाला, "तसं सांगायचंस ना. मी असाही आलो असतो."

"माझ्या जागी तू सांगितलं असतंस?" आत्याने विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," तो म्हणाला.

मग सिग्रून हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडली. तिने मोजे बॅगेतून काढून खणात ठेवले. बॅग तिने तशीच बंद केली आणि दाराशी नेऊन उभी केली.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात एखाद्या शुक्रवारी दाबू नकोस."

"कोणत्या शुक्रवारी ते सांग," आत्या म्हणाली. "केक करावा लागेल."

सोमवारच्या बोटीने सिग्रून रिकामी बॅग घेऊन एकटी परत गेली. तिला पोचवायला टोर्गाइर धक्क्यावर आला होता, आणि बोटीचा दोर त्याच्या हातात असल्यामुळे त्याला पळता येईना, तेव्हा मी फ्रिजमधली फुलं आणि तो थर्मास त्याच्या काखेत कोंबला. त्या फोल्डरला आता नाव आहे. त्याने घातलं ते 'आस्लाउग'. मी माळ्यावर जाऊन, त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्यापुढे 'टोर्गाइर' लिहिलं, आणि ते काढलंस तर दुकानात पाय ठेवू नकोस असं बजावलं. बटण अजून चालतं. बहुतेक दिवशी ते हिरवं होतं. पण काही सकाळी मी दुकान उघडते तेव्हा त्याची होडी खाडीच्या मध्यावर असते, आणि पुढे वल्ह्याशेजारी तो थर्मास ठेवलेला असतो.